घडीची बाप्तिस्मा टाकी: वस्तू चांगली, पत्रकातला दावा चुकीचा

पुण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या बऱ्याच मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. तिथे पक्कं कुंड बांधता येत नाही आणि मुठेत कुणाला उतरवावं अशी तिची अवस्था नाही. अशांसाठी ही घडीची टाकी सोयीची आहे. १.८ मीटर लांब, ०.९ रुंद, ०.९ उंच, जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचा सांगाडा, आत जाड पीव्हीसी कापड, तळाशी दीड इंची व्हॉल्व्ह, बाहेरून शिडी. दोघांनी मिळून उभी करता येते.

पाणी ७५ सेंटिमीटरपर्यंतच भरावं. त्याला साधारण १,२०० लिटर लागतं, अर्धा इंची नळाने दोन तास धरून चला. पाळक आणि उमेदवार उतरले की पातळी आठेक सेंटिमीटर चढते, त्यामुळे काठोकाठ भरलेली टाकी हॉलभर सांडणार. त्याहून गंभीर प्रश्न वजनाचा. एवढ्या पाण्याचा भार दर चौरस मीटरला ७५० किलो पडतो. राहत्या घरांच्या स्लॅबचा हिशेब २०० किलोचा असतो, सभागृहाचा ४०० ते ५०० चा. म्हणून टाकी तळमजल्यावर किंवा अंगणात लावा. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर अजिबात नको.

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं म्हणून रॉड टाकायचा मोह होतो. १,२०० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. २,००० वॅटचा रॉड सात तास चालवावा लागेल. त्यापेक्षा बंबाचं कढत पाणी आधीच मिसळून घ्या. विजेची कुठलीही वस्तू टाकीजवळ नको, वायरचा माईकसुद्धा नाही. २००५ मध्ये टेक्सासमधल्या वेको शहरात बाप्तिस्म्याच्या कुंडात उभे असलेले एक पाळक माईक हातात घेताच विजेच्या धक्क्याने गेले.

बुडवताना उमेदवाराने गुडघे वाकवून मागे रेलायचं, एका हाताने नाक धरायचं. पाळकाचा एक हात त्याच्या पाठीमागे. उंच माणूस पाय ताठ ठेवून रेलला तर डोकं काठाच्या पाइपवर आपटतं, आणि या पाइपला पॅडिंग नाही. ही उणीव बनवणाऱ्यांनी भरून काढायलाच हवी. सैल झग्यात हवा भरून तो वर येतो आणि माणूस धड बुडत नाही. त्यासाठी झग्याच्या घेराला आतून वजनं शिवून घ्यावीत.

आता सोबतच्या पत्रकाविषयी. त्यात टाकीला येशूच्या काळच्या मिक्वेची, म्हणजे यहुद्यांच्या शुद्धिस्नानाच्या कुंडाची, प्रतिकृती म्हटलं आहे. मिक्वेची पहिली अटच अशी की पाणी आपोआप साठलेलं हवं, पावसाचं किंवा झऱ्याचं, आणि ते जमिनीत बांधलेल्या कुंडात हवं. उचलून नेता येणारं भांडं चालत नाही. किमान ४० सेआ (यहुद्यांचं जुनं माप) पाणी लागतं. वेगवेगळ्या मतांनुसार ते ३३० लिटरपासून ५७० च्याही पुढे भरतं. तेवढं पावसाचं पाणी जमण्याआधी तीन लोग, म्हणजे लिटर-दीड लिटर, भांड्याने आणलेलं पाणी पडलं तरी कुंड बाद. शहरातल्या मिक्वेत शेजारी पावसाच्या पाण्याचा वेगळा हौद असतो आणि मधल्या भिंतीला दोनेक इंचांचं भोक. नळाचं पाणी त्या भोकातून हौदातल्या पाण्याला भिडलं की ते ग्राह्य होतं. आपली टाकी यातल्या एकाच परीक्षेत पास होते, लिटरच्या.

दुसरा दावा जास्त खटकतो: यहुद्यांचं स्नान निव्वळ अंग धुण्यापुरतं, नवा जन्म फक्त बाप्तिस्म्यात. मिक्वेत उतरण्याआधी आंघोळ करून, नखं साफ करून, केस विंचरून यावं लागतं. अंगठी, नेलपॉलिश, पट्टी, सगळं काढायचं. मग एका दमात पूर्ण बुडायचं. केसाची एक बट वर तरंगली तरी ते बुडणं धरत नाहीत. अंग धुणं आधीच उरकलेलं असतं, तर पाण्यात उतरणं कशासाठी, हे पत्रक लिहिणाऱ्याने विचारायला हवं होतं. मायमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने बाराव्या शतकात स्पष्ट लिहून ठेवलंय की ही अशुद्धता पाण्याने धुऊन निघणारा मळ नव्हे, यात मनातल्या हेतूला महत्त्व आहे. आणि धर्मांतरासाठी मिक्वेत बुडून आलेला माणूस नुकत्या जन्मलेल्या मुलासारखा, हे तर तालमूद या यहुदी धर्मग्रंथातच आहे.

फरक खरे आहेत, ते खरेपणाने सांगावेत. मिक्वेत माणूस स्वतः बुडतो, बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून मिळतो. मिक्वेत पुन्हापुन्हा जातात, धर्मांतराचं बुडणं तेवढं एकदाचं, बाप्तिस्मा एकदाच. पाण्याच्या उगमाबद्दल ख्रिस्ती परंपरा सैल आहे: दिदाखे या प्राचीन ग्रंथात वाहतं पाणी आधी सुचवलंय, ते नसेल तर दुसरं, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं असं सांगितलंय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव, आणि पौलाने रोमकरांना लिहिलेलं ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं व उठणं, हे बाप्तिस्म्याचं स्वतःचं आहे. ते सांगायला शेजाऱ्याचा विधी हलका करावा लागत नाही. यहुद्यांचं लाल देऊळ १८६७ पासून पुण्याच्या कॅम्पात उभं आहे, रास्ता पेठेत बेने इस्राएल यहुद्यांचं सभास्थान आहे, आणि ही माणसं मराठीच वाचतात. टाकी जरूर घ्या, पत्रक मात्र मंडळीत वाटू नका.

काम झाल्यावर व्हॉल्व्हला नळी जोडून पाणी झाडांना सोडा. कापडाच्या घड्या घालण्याआधी शिवणी उलट्या करून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात, आणि ओलं गुंडाळलं तर बुरशी आधी शिवणीतच धरते.