स्केचनोट्स, माइंड मॅप की कॉर्नेल : कोणत्या विषयाला काय?

‘माझी चित्रकला यथातथाच, म्हणून स्केचनोट्स माझ्यासाठी नाहीत’ असं म्हणून बरेच जण हा पर्याय, म्हणजे शब्दांसोबत साधी चित्रं आणि बाण काढून घेतलेल्या नोट्स, आधीच बाद करतात. पण चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, रेघ आणि ठिपका एवढं जमलं की स्केचनोट्सपुरती चित्रकला झाली. खरा प्रश्न विषयाचा आहे. तुमच्या विषयात गोष्टी एकमेकींवर काही करतात, की एकमेकींच्या पोटात येतात, की जशाच्या तशा लक्षात ठेवाव्या लागतात?

एकच धडा तिन्ही पद्धतींनी काढून बघू. मान्सून घ्या.

स्केचनोटमध्ये डावीकडे समुद्राच्या दोन लाटा, मधे सह्याद्रीचा त्रिकोण, त्याच्या पश्चिम उतारावरून वर चढणारा जाड बाण. त्या बाजूला पावसाच्या दाट तिरप्या रेघा, पूर्वेला दोन-तीनच. घाटमाथ्यावर ‘महाबळेश्वर, 5000 मिमीहून जास्त’, थोडं उजवीकडे ‘पाचगणी, निम्म्याहून कमी’. प्रतिरोध पाऊस (डोंगराने वारा अडवल्यामुळे पडणारा) आणि पर्जन्यछाया (डोंगराआडचा कोरडा भाग) या दोन्ही संज्ञांचं कारण याच चित्रात आहे, वेगळं वाक्य लिहावं लागत नाही.

माइंड मॅपमध्ये मधोमध ‘मान्सून’, भोवती फांद्या: अरबी समुद्राची शाखा, बंगालच्या उपसागराची शाखा, कारणं, परिणाम, परतीचा पाऊस. धड्यात काय काय आहे ते झटकन दिसतं. पण घाट एका फांदीवर आणि कोरडा प्रदेश दुसरीवर, त्यामुळे ‘म्हणून’ हा दुवा हरवतो. आडवे बाण टाकून तो जोडायला गेलात की पानाचं जाळं होतं.

कॉर्नेल पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली, वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली. ए-4 पानावर डावीकडे 6 सेंटिमीटरचा रकाना, तळाला 5 सेंटिमीटरची पट्टी, उरलेल्या जागेत नोट्स. उजवीकडे ‘केरळात सर्वसाधारण आगमन 1 जून’, डावीकडे त्यावरचा प्रश्न, तळाला दोन-तीन ओळींचा सारांश. उजवी बाजू झाकून प्रश्नांची उत्तरं द्यायची, ही उजळणी या पद्धतीत आयती मिळते. मात्र डावा रकाना त्याच दिवशी भरला नाही, तर उरते ती फक्त मोठा समास सोडलेली वही.

तेव्हा प्रक्रिया, यंत्र, नकाशा, रक्ताभिसरण, लढाईतल्या हालचाली यांना चित्र. वर्गीकरण आणि निबंधाची आखणी यांना माइंड मॅप. कायद्याची कलमं, व्याख्या, सनावळ्या यांना कॉर्नेल. संविधानातल्या कलमाचं चित्र काढता येतं, पण परीक्षेत शब्द मागतात, चित्र नाही. गणिताच्या सिद्धतेला तिन्हीपैकी काहीच नको, पायऱ्या सरळ लिहा.

चित्राने लक्षात राहतं या दाव्यात तथ्य आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्द लिहून काढण्यापेक्षा त्या वस्तूचं चित्र काढल्यावर तो शब्द जास्त आठवला, चित्र सुबक नसलं तरीही. पण ते प्रयोग सुट्या शब्दांच्या याद्यांवर होते. तासभराच्या व्याख्यानाला तोच निष्कर्ष सरसकट लावू नये.

स्केचनोट्स फसतात त्या बहुधा चालू व्याख्यानात. बोलणारा मिनिटाला शंभराहून जास्त शब्द बोलतो, आणि तुम्ही एका ढगाला छटा देत बसता. नियम साधा ठेवा: तीन सेकंदांत चित्र सुचलं नाही तर शब्द लिहा, शेजारी जागा सोडा, पुढे चला. शब्द आधी, चौकट नंतर. उलट केलं की शेवटची अक्षरं चौकटीच्या भिंतीला चिकटतात. देवनागरीत हे जास्त जाणवतं, कारण वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या वर जातात, उकार खाली. मोठं शीर्षक लिहिताना वर-खाली अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढा.

बाणांचे अर्थ पहिल्या पानापासून ठरवून टाका: साधा म्हणजे पुढची पायरी, जाड म्हणजे कारणातून परिणाम, तुटक म्हणजे शक्यता. हे न ठरवल्यामुळे महिन्याभराने स्वतःचंच पान वाचता येत नाही. घड्याळ, माणूस, इमारत, कागद, रुपया, थेंब अशी दहा-पंधरा चिन्हं आधी घोटून ठेवली की ऐनवेळी हात अडत नाही. व्याख्यानाचा आराखडा माहीत नसेल तर पान आडवं धरून तीन रकान्यांत वरून खाली जा. मधोमध सुरुवात करून चहूकडे पसरायची मांडणी मुद्दे आधी ठाऊक असतील तरच जमते.

सामान फार लागत नाही. मजकुराला 0.5 मिमी टोकाचं काळं पेन, शीर्षकाला थोडं जाड, आणि एकच रंग, तोही व्याख्यान संपल्यावर. ओल्या जेल शाईवर हायलाइटर फिरवला की ती फरफटते, म्हणून थांबा किंवा जलरोधक शाईचं फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन) घ्या. स्केचपेन वापरणार असाल तर 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) कोरा कागद हवा. नेहमीच्या वहीच्या पातळ कागदावर रंग मागच्या पानावर उमटतो.

टॅबलेटवर शाई पसरत नाही आणि रंग वेगळ्या लेयरवर देता येतो, पण झूम घात करतो. मोठं करून लिहिलेली अक्षरं पूर्ण पान बघताना मुंगीएवढी होतात. चालू व्याख्यानात पान पूर्ण दिसेल असंच ठेवा आणि अनडूला हात लावू नका, नाहीतर एकाच त्रिकोणावर अर्धा मिनिट जातो. शिकायला कागदच बरा.

आणि परीक्षेसाठी एकच वही ठेवायची असेल, तर कॉर्नेलचं पान आखा आणि उजव्या भागात चित्रं काढा. चित्रातली नावं कागदाच्या पट्टीने झाकून पुन्हा आठवायची. नुसतं बघत राहिलं तर पान ओळखीचं वाटतं, उत्तर मात्र येत नाही.