शाळेतला तास की शनिवारची दुपार?

एखाद्या संस्थेकडे मेंटॉर म्हणून, म्हणजे एका मुलाला नियमित भेटून सोबत करणारा स्वयंसेवक म्हणून, नाव द्यायचं तुमचं ठरलंय, असं धरून चालतो. पडताळणी कशासाठी, मुलाखतीत काय विचारतात, हे संस्थेच्या पहिल्याच बैठकीत कळतं. अडायला होतं ते फॉर्मवरच्या एका चौकटीपाशी: मुलाला शाळेत भेटणार की शाळेबाहेर? मी दोन्ही केलंय. आधी दोन वर्षं शाळेत, आता तिसरं वर्ष बाहेर.

शाळेतल्या प्रकाराबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ठरलेला वार, ठरलेला तास. मुलाला आणायचं-सोडायचं नाही, घरच्यांशी वेळा जुळवायच्या नाहीत. आज काय करायचं याचा घोर नाही. गृहपाठ नाहीतर बुद्धिबळाचा पट समोर असतोच. शिक्षक हाकेच्या अंतरावर. परक्या मुलाशी बोलायचं काय, या धास्तीनं ज्यांचं पाऊल अडतं त्यांना ही सुरुवात सोपी जाते. मलाही गेली.

बाहेरचा प्रकार वेळ खातो. बहुतेक संस्था किमान वर्षभराचा शब्द मागतात. महिन्यातून दोन-चार भेटी, त्याही काही तासांच्या. समन्वयक अधूनमधून तुम्हाला, मुलाला आणि पालकांना वेगवेगळा फोन करतो. सुरुवातीला मला ती पाळतच वाटायची. पुढे मुलाच्या आईचा आणि माझा एकदा गैरसमज झाला, तेव्हा मध्ये पडायला तोच माणूस होता. शिवाय मुलाची धाकटी बहीण 'मला पण यायचंय' म्हणत दारात उभी राहते. तिला नाही म्हणणं मला अजून नीट जमलेलं नाही.

एवढं असून मी बाजू बदलली ती एका कटकटीपायी. शाळेचं वेळापत्रक.

कागदावर 'दर बुधवारी' असं होतं. पण परीक्षा आल्या की बंद, परीक्षेआधीची उजळणी आली की बंद, वार्षिक कार्यक्रमाच्या तालमी लागल्या की आमची खोलीच जायची. एका बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोहोचलो, तर अख्खा वर्ग सहलीला गेलेला. कळवायचं काम शाळा संस्थेचं समजत होती आणि संस्था शाळेचं. रजेचं मला फारसं वाटलं नाही. पण पुढच्या बुधवारी मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, मागच्या वेळी आम्ही नव्हतो ना, मला वाटलं तुम्ही आता येणार नाही." तास संपेपर्यंत आम्ही पुन्हा कुठे पहिल्यासारखे बोलायला लागलो, तेवढ्यात घंटा झाली.

मग मोठी सुट्टी. आमच्या योजनेत फोन नंबर द्यायला-घ्यायला मनाई होती (नियम बरोबरच आहे, तक्रार नाही), त्यामुळे सुट्टीभर काहीच संपर्क नाही. सुट्टीनंतर त्याची तुकडी बदलली, माझ्या तासाला त्याचा दुसराच विषय आला आणि संस्थेनं मला दुसरा मुलगा दिला. "जोडी नव्यानं लावून देतो," असं अगदी उत्साहानं सांगितलं. पहिला मुलगा नंतर एकदा व्हरांड्यात दिसला. क्षणभर थबकला आणि इतर कुठल्याही शिक्षकाला म्हणावं तसं "गुड मॉर्निंग, सर" म्हणून निघून गेला.

हा माझा एकट्याचा चिडचिडेपणा असेलही. पण या क्षेत्रातली जुनी चळवळ म्हणजे 'बिग ब्रदर्स'. 1904 साली न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले कारकून अर्नेस्ट कूल्टर यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. आज 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' म्हणून चालणाऱ्या त्या कामाचे अभ्यास वाचले, तेव्हा आपलं अगदीच चुकलं नसावं असं वाटलं. 1995च्या अभ्यासात 10 ते 16 वयाची 959 मुलं होती. निम्म्यांना जोड्या मिळाल्या, निम्मी प्रतीक्षा यादीत राहिली. दीड वर्षानं जोडीवाल्या मुलांत अमली पदार्थांना हात लावायला सुरुवात करण्याची शक्यता 46 टक्क्यांनी कमी आढळली. त्या सगळ्या जोड्या शाळेबाहेरच्या. 2002 मध्ये त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली. खरा फायदा वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांना मात्र स्वतःबद्दल आधीपेक्षा कमी वाटू लागलं होतं. शाळेतल्या जोड्यांवरचा मोठा अभ्यास 2007 चा, 1,139 मुलांचा. पहिल्या वर्षाअखेर अभ्यासात सुधारणा होती, पुढच्या वर्षी ती बहुतांशी ओसरली. अनेक जोड्या तोवर सुटलेल्या होत्या. सुट्टी हेच एक कारण, असा माझा दावा नाही. मला तिचा अनुभव आहे, इतकंच.

आताचा मुलगा पहिले तीन महिने मला 'सर'च म्हणत होता. चौथ्या महिन्यात त्याच्या सायकलची साखळी उतरली. हात काळे करून आम्ही दोघं ती बसवत होतो, तेव्हा तो म्हणाला, "काका, तू तिकडून धर." शाळेच्या खोलीत हे झालं नसतं असं मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत दोन वर्षांत झालं नाही. तिथे येणारा प्रत्येक मोठा माणूस सर किंवा मॅडमच होतो.

तरीही तुमच्या हातात आठवड्याचा एकच तास असेल, किंवा शहर वर्षभरात बदलण्याची शक्यता असेल, तर शाळाच घ्या. फक्त सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: सुट्टीत पत्र, देखरेखीखालचा फोन असं काही चालतं का, आणि पुढच्या वर्षी हाच मुलगा मिळेल का. दुसऱ्या प्रश्नावर समन्वयक "बघू" म्हणाला, तर मी शनिवारची दुपार मोकळी होते का ते पाहीन.