आंब्याच्या अख्ख्या हंगामात इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि ब्लॉग वापरून बघितले, त्याचा अनुभव

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, फार मोठी नाही, घरची माणसं आणि हंगामाला चार गडी एवढ्यात भागतं. आजवर जवळपास सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) आली की मग भाव कळायचा. यंदा मोहोर यायच्या सुमाराला ठरवलं की निदान निम्म्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला द्यायच्या, जाहिरातीला वेगळे पैसे नव्हते म्हणून जे जे फुकट मिळतं ते सगळं वापरलं, म्हणजे इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गुगल मॅपवरचं प्रोफाइल आणि ब्लॉगरवर एक साधा मराठी ब्लॉग. आता पाऊस लागलाय, बागेत काम कमी आहे म्हणून सविस्तर लिहितोय, छोटा धंदा असणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी इन्स्टा, कारण सगळे तेच विचारतात. काकांनी सुरुवातीलाच विचारलं, "फोटो काढून आंबे खपतत काय रे?" तर खरं सांगायचं तर फोटोवर लाइक येतात, आंबे खपतात ते दुसरीकडे. मोहोराचे, झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) आंबा उतरवायचे, आढी लावायचे (पेंढ्यात पिकायला ठेवायचे) रील लोक आवडीने बघतात, पण बघणाऱ्यांत कितीतरी जण इतक्या लांबचे की आमची पेटी तिथे पोचेपर्यंत आतला रस झालेला असेल. बिझनेस अकाउंटला गाजलेली सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, लायसन्सचा मामला आहे, मग आम्ही बागेतलाच आवाज ठेवला, फांदी हलल्याचा, गड्यांच्या गप्पांचा, आणि तेच रील जास्त चालले (गड्यांना आता बागेत बोलताना लाज वाटते तो भाग वेगळा). कॅप्शनमध्ये लिंक टाकली तर ती दाबता येत नाही, बायोमध्येच द्यावी लागते. अनोळखी माणसाचा मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो, तो कप्पा रोज उघडायचा, नाहीतर ऑर्डर तिथेच पडून राहते. एवढं सगळं करून इन्स्टाचा उपयोग काय, तर ज्याला आधीच कोणीतरी आमचा नंबर दिलाय तो माणूस तिथे येऊन बघतो की बाग खरी आहे का. तेवढ्यासाठी ठीक आहे.

एका पेजने आमचेच फोटो उचलून अ‍ॅडव्हान्स मागायला सुरुवात केली होती. आम्ही रिपोर्ट केलं, आणि तेव्हापासून पेटीच्या फोटोत तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. हापूसच्या नावावर फसवणूक इतकी आहे की गिऱ्हाईक घाबरलेलंच असतं, त्यामुळे विश्वास बसेपर्यंत कोणी पैसे पाठवत नाही आणि ते बरोबरच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मात्र हंगामात हातचं सोडवत नाही. कॅटलॉगमध्ये चार डझन, पाच डझन, सहा डझनाच्या पेट्या फोटोसकट टाकल्या, मार्चचा भाव मेमध्ये राहत नाही म्हणून दर आठवड्याला किंमत बदलायची, लोकांना "आज काय रेट" विचारायचीच गरज नाही (तरी विचारतात). लेबलं सगळ्यात कामाची, नवीन ऑर्डर, पैसे यायचे, पैसे आले, पेटी गेली, याच्यामुळे कोणाची पेटी राहिली ते रात्री दोन मिनिटांत कळतं, पूर्वी वही होती आणि वहीवर चहा सांडायचा. क्विक रिप्लाय म्हणजे स्लॅश दाबून एक शब्द टाकला की ठरलेलं अख्खं उत्तर येतं, पत्ता कसा पाठवायचा, पैसे कुठे भरायचे वगैरे. ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीची, एक गोम नीट लक्षात घ्या, एका लिस्टमध्ये २५६ माणसं आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून आम्ही पेटीत चिठ्ठी घालतो, नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिला भाव तुम्हाला कळवू. अनोळखी नंबरांवर ढिगाने मेसेज टाकायच्या भानगडीत पडू नका, लोक स्पॅम म्हणून रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडू शकतो, ऐन एप्रिलमध्ये नंबर गेला तर काय करणार.

आता ब्लॉग. सगळे म्हणाले आता ब्लॉग कोण वाचतं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग ब्लॉगचाच झाला. कारण आंबा विकताना निम्मा वेळ तीच तीच उत्तरं देण्यात जातो. आंबा कच्चा का पाठवलात, तर चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाल्यावर उतरवलेला हापूस पेंढ्यात पिकायला आठ-दहा दिवस घेतो. आत पांढरट स्पंजासारखं का निघालं, तर तो साका, बाहेरून ओळखू येत नाही. साल सुरकुतली म्हणजे खराब का, नाही, उलट तेव्हा गोड लागतो. कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला मर्यादेत परवानगी आहे, या दोन गोष्टींत लोकांचा पार गोंधळ असतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे त्यात आले, आणि देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर युनिक कोडचा स्टिकर आणला, तो कसा तपासायचा हेही लिहिलं. प्रत्येक प्रश्नावर एक लेख, साध्या भाषेत, आपल्याच आंब्याचे फोटो. आता कोणी विचारलं की लिंक पाठवतो आणि माणूस वाचून झाल्यावर बहुतेक वेळा "ठीक आहे, दोन पेट्या पाठवा" असंच लिहितो. ब्लॉगला गुगलचं सर्च कन्सोल जोडून ठेवा, फुकट आहे, लोक काय टाइप करून आले ते दिसतं, आमच्याकडे "आंबा पेटीत पिकत नाही" असं शोधून येणारे खूप निघाले, म्हणजे पेटी दुसऱ्याकडून घेतलेली आणि उत्तर आमच्याकडे. त्यातले काही मग आमचे गिऱ्हाईक झाले.

रील दोन दिवसांत खाली जातं, स्टेटस चोवीस तासांत उडतं, मार्चमध्ये लिहिलेला साक्याचा लेख मे संपेपर्यंत माणसं आणत होता. शिवाय ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय ना, फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही काही तास एकदम बंद. तेव्हा आमचा हंगाम नव्हता म्हणून काही वाटलं नाही, पण हे एप्रिलमध्ये झालं तर निदान ब्लॉगवर फोन नंबर तरी पाहिजे.

गुगल प्रोफाइलबद्दल थोडक्यात, व्हिडिओ काढून पडताळणी करावी लागली, नंतर त्रास नाही. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून प्रोफाइलसोबत मिळायची ती फुकट वेबसाइट शोधत बसू नका, ती सोय मार्च २०२४ मध्येच बंद झाली. पेटी आवडली म्हणणाऱ्याकडून लगेच रिव्ह्यू मागून घ्या, आठवड्याने कोणी लिहीत नाही.

पैसे फक्त डोमेनला, म्हणजे ब्लॉगच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्याला गेले, वेळ मात्र भरपूर जातो, ऐन काढणीत रोज रील टाकणं एका माणसाला झेपत नाही. पुढच्या वर्षी रील आठवड्याला एकच, व्हॉट्सअ‍ॅप भाची सांभाळणार आहे, आणि या पावसाळ्यात मी कोकम आगळ आणि काजूवरचे लेख लिहून ठेवतोय.