मेडिकेअरचा मानसशास्त्रज्ञ की समाजाचं स्वतःचं केंद्र?

ऑस्ट्रेलियात मन खचलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, फॅमिली डॉक्टरकडून 'मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन' घेऊन मानसशास्त्रज्ञाकडे जायचं. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य विमा योजना, वर्षाला 10 सत्रांपर्यंत पैसे परत देतं, वरचा फरक बरेचदा खिशातून. वेळ ठरलेली, समोर अनोळखी माणूस.

दुसरी वाट ॲबोरिजिनल समाजानेच चालवलेल्या आरोग्य केंद्राची. पहिलं 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झालं. इथे मन सुटं काढून तपासत नाहीत; कुटुंब, पूर्वजांची भूमी, संस्कृती हे सगळं तब्येतीतच धरतात. बोलता बोलता कोणी गप्प झालं, तर 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडत नाही. ज्या घरातली मुलं एकेकाळी सरकारी धोरण म्हणून सरकारी माणसांनी उचलून नेली, त्या घराला साध्या फॉर्मचीही धास्ती का वाटते, हे समजावत बसावं लागत नाही. माझ्या मते खरा फरक हाच.

अडचणही आहे: छोट्या गावात समुपदेशक नात्यातलाच निघतो. तेव्हा काहींना परका बरा वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. रात्री-अपरात्रीसाठी 2022 पासून 'थर्टीन यार्न' ही फोनसेवा आहे. पलीकडे ॲबोरिजिनल किंवा (ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या) टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ समाजातलाच माणूस असतो.