पाच किलोमीटर जमले, आता वेग हवा: अंतर वाढवायचे की इंटरव्हल धरायचे?

काऊच टू फाइव्ह के हा नवख्यांना 5 किलोमीटर धावायला शिकवणारा कार्यक्रम पुरा झाला की बहुतेकांचे गाडे एकाच जागी अडते. 5 किलोमीटर न थांबता होतात, पण 35-40 मिनिटे लागतात आणि महिना उलटला तरी घड्याळ तेच सांगते. यात कार्यक्रमाचा दोष नाही. जोश क्लार्कने 1996 मध्ये तो आखला तो कधीच न धावलेल्याला धावता करण्यासाठी. वेगाचे पुढे ज्याचे त्याने बघायचे.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, हळूच धाव पण जास्त धाव. दुसरा म्हणतो, ट्रॅकवर जा आणि इंटरव्हल मार, म्हणजे ठरलेले अंतर जोरात, मध्ये विश्रांती, पुन्हा जोरात. दोघांच्याही मागे मोठी परंपरा आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी 800 मीटरच्या धावपटूंकडूनही आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास अंतर करून घेतले आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने 800 मीटरचे सुवर्ण जिंकले. उलट चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक 400 मीटरच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारून तयार झाला आणि 1952 मध्ये हेलसिंकीला 5,000, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णे घेऊन गेला. अर्थात या दोघांचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. झाटोपेकच्या फेऱ्यांची बेरीजही प्रचंड होती, हे इंटरव्हलवाले सहसा सांगत नाहीत.

नवख्याला फायदा कशाने होतो? माझे मत स्पष्ट आहे: आधी अंतर. 40 मिनिटांत 5 किलोमीटर करणाऱ्याचे पाय कमी पडत नाहीत, दम कमी पडतो. आरामात धावल्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते. त्यामुळे त्याच धापेत पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, आपोआप सुधारतो. आठवड्यातल्या तीन धावांपैकी एक हळूहळू लांबवत 8 किलोमीटरपर्यंत न्यायची, की 5 किलोमीटर छोटे वाटू लागतात. अडचण एकच, हे कंटाळवाणे आहे आणि वेळ खाते. शिवाय ‘आरामात’ म्हणजे खरोखर आरामात. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बहुतेक जण इथेच फसतात: रोज थोडे जोरात धावतात, म्हणजे धड आराम नाही आणि धड जोरही नाही.

इंटरव्हलचा परिणाम लवकर दिसतो, हे मान्य. 400 मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे चालणे, एवढ्यात काम होते. पण पहिल्या दोन फेऱ्या जोशात मारून पाचवीला ढेपाळणे ठरलेलेच. 5 किलोमीटरला 35 मिनिटे लागत असतील तर तुमचा पेस किलोमीटरला 7 मिनिटांचा, म्हणजे 400 मीटरला 2 मिनिटे 48 सेकंद. सुरुवातीला फेरी 2:35 च्या आसपास पुरे आणि शेवटचीही तेवढ्याच वेळात यायला हवी. धोका वेगळाच आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, हाडे आणि स्नायुबंध मात्र मागे राहतात. दम टिकतो म्हणून माणूस रेटत जातो आणि नडगी धरते. हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबून दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवायचे. वजन जास्त असेल किंवा आधी दुखापत झाली असेल, तर इंटरव्हल दोन-तीन महिने लांबच बरे.

टेम्पो रन, म्हणजे तुटक दोन-चार शब्दच बोलता येतील अशा गतीने 15-20 मिनिटे, हा प्रकार उत्तम आहे; पण ज्याला आपला पेस अजून ओळखता येत नाही, त्याचा टेम्पो तिसऱ्या मिनिटाला शर्यत होतो. तो नंतरचा विषय.

मधली वाट हवी असेल तर फार्टलेक. स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात रुजवलेली ही पद्धत. ट्रॅक लागत नाही, घड्याळही लागत नाही. दहा मिनिटे सावकाश, मग पुढच्या खांबापर्यंत जोरात, दम सावरेपर्यंत हळू, पुन्हा एखाद्या झाडापर्यंत जोरात. अंग जड वाटले तर जोराचे टप्पे कमी करायचे. ही मोकळीक इंटरव्हल देत नाही.

मी सांगेन ते असे: पहिले सहा आठवडे अंतर वाढवा आणि एका आरामाच्या धावेच्या शेवटी 20 सेकंदांचे चार स्ट्राइड्स टाका. झपझप पण सैल अंगाने, प्रत्येकानंतर चालत परत. पुढे आठवड्यातून एक फार्टलेक. इंटरव्हल त्यानंतर, तेही एखादी शर्यत ठरली असेल तर. आठवड्याला दोनच दिवस मिळत असतील तर एक लांब आरामाची धाव आणि एक फार्टलेक, बास. आणि प्रगती बघायचीच असेल तर सहा आठवड्यांनी एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी. दर धावेला घड्याळ लावून बसलात तर आरामाची धाव आरामाची राहणारच नाही.