केटामाइन उपचार: काही महिन्यांनंतर काय टिकतं, काय ढासळतं

नैराश्यावर केटामाइन (मुळात भुलीचं औषध) देणारं क्लिनिक शोधताना जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, ‘किती सेशन लागतील?’ काही महिने उपचार झाल्यावर लक्षात येतं की खरा प्रश्न वेगळा होता: ‘असर उतरायला लागला की तुम्ही काय करता?’ याचं नीट उत्तर देणारी जागा निवडा. बाकीचं बहुतेक सगळीकडे सारखंच असतं.

सलाईनमधून द्यायची रूढ पद्धत म्हणजे वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. ६० किलो वजनाला ३० मिलिग्रॅम होतात. दोन-तीन आठवड्यांत साधारण सहा वेळा. इथे इन्फ्युजन पंप (ठरल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र) हवाच. साध्या ड्रिपमध्ये हात वाकला की वेग बदलतो, आणि औषध भरभर गेलं की डोस तोच असूनही शरीरापासून वेगळं झाल्यासारखं वाटणं, मळमळ, बीपी सगळंच वाढतं. मळमळीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन आधीच मागून ठेवा.

एस्केटामाइन (केटामाइनचाच एक प्रकार) या औषधाचा नाकातला स्प्रे अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) २०१९ मध्ये मंजूर केला. एका स्प्रे-उपकरणात २८ मिलिग्रॅम असतं (दोन फवारे, प्रत्येक नाकपुडीत एक), म्हणजे ५६ मिलिग्रॅमच्या डोसला दोन उपकरणं आणि ८४ ला तीन; दोन उपकरणांमध्ये ५ मिनिटं थांबायचं. आधी २ तास खाणं बंद, शेवटचा अर्धा तास पाणीही बंद. हमखास होणारी चूक म्हणजे डोकं पुरेसं मागे न कलणं आणि लगेच नाक शिंकरणं. अर्धं औषध रुमालात किंवा घशात जातं आणि मग ‘आज काही जाणवलं नाही’ अशी तक्रार होते. घशात कडू चव येणार, ती ठीक आहे. त्यानंतर निदान २ तास देखरेखीखाली बसायचं. बीपी आधी मोजायचा आणि साधारण ४० व्या मिनिटाला पुन्हा. गाडी थेट दुसऱ्या दिवशी, रात्रीची झोप पूर्ण झाल्यावर.

पहिल्या भेटीत अनियंत्रित बीपी, मेंदूतला रक्तस्राव किंवा धमनीचा फुगा, सायकोसिस (भास-भ्रम होणं), मॅनिया (अति उन्मादाची अवस्था), व्यसन, गर्भधारणा यांची चौकशी झाली नाही तर उठून निघा. न तपासता घरी केटामाइनच्या गोळ्या पाठवणाऱ्यांपासून तर लांबच राहा. देखरेखीविना घरी घेण्याच्या धोक्याबद्दल एफडीएने २०२३ मध्ये इशारा दिला आहे. क्लोनाझेपामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांनी केटामाइनचा असर बोथट होऊ शकतो, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. अचानक सोडणं धोक्याचं आहे.

आता असर उतरण्याबद्दल. पहिला उजेड काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी येतो, आणि एकाच सेशनचा असर बहुतेकांत आठवड्याच्या आसपास ओसरतो. म्हणून पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली (० ते २७ गुण; जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य) दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी भरा, सेशनच्या दुसऱ्या दिवशी मात्र नको, तेव्हा गुण उगाच कमी, म्हणजे छान येतात. शेजारी एक ओळ लिहा: ‘नववा दिवस, आंघोळ टाळली, फोन उचलला नाही.’ अशा तीन-चार नोंदी जमल्या की पुढची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता आठव्या दिवसाच्या आसपास धरता येते. चांगला डॉक्टर आधी हे अंतर बदलून बघतो. ढासळलं की लगेच डोस वाढवणारा डॉक्टर घाई करतो. सोबतची औषधं आणि समुपदेशन चालू ठेवलं तर अंतर वाढवणं सोपं जातं. सेशननंतरचे दोन-तीन दिवस मन मोकळं असतं, समुपदेशनाची वेळ तेव्हाच घ्या.

पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणारा आजार) यांसाठीही केटामाइन दिलं जातं, पण नैराश्याइतका भक्कम पुरावा तिथे नाही. तिथे अपेक्षा बेताची ठेवा.

महिने लोटले की लघवीकडे लक्ष हवं. सारखी लागणं, जळजळ, रक्त यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या सेशनआधी सांगा. मूत्राशयाला इजा प्रामुख्याने नशेसाठी भरपूर घेणाऱ्यांत होते, तरी दीर्घ उपचारात तपासणी टाळू नये.

सहा सेशननंतर गुण जागचे हलले नाहीत, तर सातवं-आठवं ओढत नेण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाशी ईसीटीबद्दल (भूल देऊन मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) बोला, विशेषतः नैराश्यासोबत भ्रम असतील तर.