फील्ड म्युझियममधली 'सू': जबडा बघून झाला की पाय बघा

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये 'सू' नावाच्या टायरॅनोसॉरस रेक्सच्या (टी. रेक्सच्या) सांगाड्यापाशी, जबड्याखाली फोटो काढून लोक पुढे सरकतात. मोठ्या मांसाहारी डायनासोरांचं वर्गीकरण ज्या हाडांमुळे उलटंपालटं झालं, ती त्याच सांगाड्याच्या पायांत आहेत. तिथे थांबलात तर तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

सुरुवात तळमजल्यावरच्या मोठ्या दालनातून करा. तिथे स्पायनोसॉरसची प्रतिकृती टांगलेली आहे. मगरीसारखं लांब, अरुंद तोंड, शंकूसारखे दात आणि हाताला तीन बोटं, एवढं नीट बघून ठेवा. ही मेगालोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनासोराच्या गोतातली शाखा. मूळ जीवाश्माचं वर्णन जर्मनीच्या अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ साली केलं होतं, पण १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकमध्ये तो नष्ट झाला. मोरोक्कोत नंतर सापडलेल्या हाडांमुळे आज हा प्राणी आपल्याला पुन्हा दिसतो.

मग वरच्या मजल्यावर जा. उत्क्रांतीचं दालन कालक्रमाने लावलेलं आहे, त्यामुळे डायनासोरांपर्यंत पोचायला बरंच चालावं लागतं. शंखशिंपल्यांपाशीच सगळा वेळ घालवू नका. डास्प्लेटोसॉरसपाशी मात्र थांबा. तो सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्सच्याच कुळातला. दोघांच्याही हाताला दोनच बोटं आहेत.

आता सू. १९९० साली साउथ डकोटात सू हेंड्रिक्सन यांना सापडलेला हा सांगाडा म्युझियमने १९९७ च्या लिलावात सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलरला घेतला. लांबी १२.३ मीटर. आकारमानाने पाहता सुमारे ९० टक्के हाडं मिळालेली आहेत. २०१८ साली सांगाडा या दालनात हलवताना पोटाखालच्या बारीक फासळ्या पहिल्यांदाच बसवल्या, आणि छाती-पोटाचा घेर एकदम भरदार झाला. जुन्या फोटोंतली सडपातळ सू आता विसरा. सांगाड्यावरची कवटी हलकी प्रतिकृती आहे, कारण खरी सुमारे २७० किलोंची. ती शेजारी वेगळ्या काचेत ठेवली आहे. दात बघायचे तर तिथेच बघा.

तळपायाच्या तीन लांब हाडांपैकी मधलं हाड वरच्या टोकाला दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये चिमटल्यासारखं बारीक झालेलं दिसेल. पूर्वी टी. रेक्सला आकारावरून अॅलोसॉरस या दुसऱ्या मोठ्या मांसाहारी डायनासोराच्या पंगतीत बसवत. अशी चिमटलेली हाडं शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनासोरांतही असतात, हे धरून जीवाश्मतज्ज्ञ टॉमस होल्ट्झ यांनी १९९४ साली दोघांना पक्ष्यांच्या जवळच्या एका गटात घातलं. तो गट पुढे टिकला नाही, कारण असे पाय वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे विकसित झाले होते. चीनमधल्या ग्वानलाँगसारख्या आद्य टायरॅनोसॉरॉइडच्या, म्हणजे टी. रेक्सच्या मोठ्या गोतातल्या प्राण्याच्या, हाताला तीन बोटं होती आणि पायही साधेच होते. तरीही टी. रेक्स हा अॅलोसॉरसपेक्षा पक्ष्यांना जवळचा, हा निष्कर्ष कायम राहिला, कारण त्याला कवटीपासून कमरेपर्यंतच्या कितीतरी लक्षणांचा आधार आहे. एकाच हाडावर कूळ ठरवलं की काय होतं, ते इथे समोर उभं आहे.

दालनातला निवेदनासह दिव्यांचा खेळ सुंदर आहे, पण त्याचा भर सूच्या दुखापतींवर आणि आजारांवर आहे. तो सुरू असताना पायाची हाडं नीट दिसत नाहीत, म्हणून दोन खेळांच्या मधली वेळ साधा.

एका गोष्टीला मात्र इथे आणखी ठळक जागा हवी होती. याच म्युझियमच्या मोहिमेत युटामध्ये सापडलेला सायट्स सुमारे ९ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा प्रचंड शिकारी होता. २०१३ साली त्याला नाव देताना अॅलोसॉरसच्या गोतात धरलं, पण त्याच्या जागेवर अजून वाद आहे. युटातल्या त्याच खडकांतून पुढे मोरोस हा टायरॅनोसॉरॉइड मिळाला, जेमतेम ७८ किलोंचा. सूच्या पूर्वजांच्या गोतात तेव्हा असे हरणाएवढे प्राणी होते. हे माहीत असेल तर सूचा आकार जास्तच थक्क करतो.